पर्थचं ऊन आणि आप्पांची बाग

गावी येऊन बारा दिवस झाले आणि तेवढ्यात एकच वाक्य किमान वीस जणांकडून ऐकून झालं. "तुझं बरं हाय बाई. समुद्र काय, ऊन काय!" माझे फोटो सगळ्यांनी मोबाईलवर बघितलेले असतात. निळं आभाळ, निळं पाणी आणि टोपी घालून हसणारी मी. लंडनला गेलेल्या माझ्या मैत्रिणीला निदान रडायची सोय आहे. पाऊस, चिखल, दुपारी चारला पडणारा अंधार असं काही तिनं सांगितलं की बायका हळहळतात. मी तोंड उघडलं की म्हणतात, "गप गं, उन्हात बसून रडती व्हय!"

पर्थ हे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर. तिथल्या राज्यांच्या राजधान्यांमध्ये सगळ्यात जास्त ऊन पर्थलाच पडतं, वर्षाला सुमारे ३,२०० तास. सगळ्यात जवळचं मोठं शहर अ‍ॅडलेड, तेही दोन हजार किलोमीटरच्या पलीकडं. तासगाव तालुक्यातल्या पोरीला उन्हाचं काय कौतुक, असं मी २०१६ साली निघताना म्हणाले होते. पण तिथलं ऊन आपलं नव्हे, हे पहिल्याच महिन्यात कळलं. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. घर दाखवणारा एजंट मोठ्या अभिमानानं सांगत होता, "उत्तरेकडं तोंड आहे!" मला कळेना, यात एवढं काय? आपण पूर्वेचं दार बघतो. सावली बघून दिशा ओळखायची सवय असल्यानं मी दोनदा रस्ताही चुकले.

संक्रांतीचं तर विचारूच नका. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं मोठा होतो, असं आजी सांगायची. तिकडं तो तिळातिळानं लहान होत जातो. पहिल्या वर्षी बाहेर चाळीस अंश असताना मी ओट्यापाशी तिळगुळाच्या पाकाला उभी होते. नवरा म्हणाला, "यंदा आइस्क्रीम वाटूया, गोड बोला म्हणून."

तरी खरं सांगायचं तर या उन्हानं मला दिलंही भरपूर. कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या, जे घालाल ते एका दिवसात खडखडीत. दरवर्षी डिसेंबरात मी मागच्या अंगणात पांढरं कापड पसरते. शेजारची म्हातारी कुंपणावरून विचारते, "हे काय वाळवतेस?" कुरडई तळून दिली की तिचा प्रश्न तिथंच संपतो. दुपारी तीनच्या सुमाराला समुद्रावरून गार वारा सुटतो. फ्रीमँटल बंदराकडून येतो म्हणून लोक त्याला 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात. उकाड्यानं जीव नकोसा झालेला असताना कुणीतरी दार उघडून म्हणतं, "डॉक्टर आला!" आणि अख्खी गल्ली खिडक्या उघडते. आपल्याकडं वळवाच्या आधी सुटणाऱ्या वाऱ्याची आठवण येते, फक्त मागोमाग मातीचा वास येत नाही.

हिवाळ्याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. जून ते ऑगस्ट पाऊस असतो, आणि घरं बांधलेली असतात उन्हाळ्यासाठी. बाहेरपेक्षा घरात जास्त थंडी. पहिल्या हिवाळ्यात मी आईनं दिलेल्या दोन वाकळा पांघरून भांडी घासली आहेत. त्याचा फोटो काही मी टाकला नाही.

दुसरी गोष्ट भाड्याच्या घराची. दर तीन महिन्यांनी एजंटचं माणूस घर तपासायला येतं. ओव्हन उघडून बघतं, नळ बघतं, फोटो काढतं. आमच्या पांढऱ्या ओट्यावर हळदीचा एक डाग होता. आईनं डब्यात भरून दिलेली सांगलीची हळद. तपासायला आलेल्या बाईनं त्या डागाचे तीन फोटो काढले आणि डिपॉझिटमधून पैसे कापू, असं लिहून पाठवलं. या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे त्या बाईला सांगावं असं फार वाटलं. शेवटी लिंबू, सोडा सगळं करून थकले आणि मग लक्षात आलं, तिथलं कडक ऊनच हळदीचा डाग उडवतं. पण ओटा उचलून अंगणात कसा नेणार? खिडकीचा पडदा चार दिवस काढून ठेवला. डाग निम्मा गेला, पैसेही निम्मेच कापले गेले.

आणि विरोधाभास बघा. तिथं हवामानाच्या अंदाजात तापमानाशेजारी अतिनील किरणांचा आकडा असतो. अकरा किंवा त्याच्या वर गेला की 'अतितीव्र', आणि उन्हाळ्यात तो बाराच्या पुढंही जातो. त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांपैकी ऑस्ट्रेलिया एक आहे. त्यामुळं शाळेत नियमच, टोपी नसेल तर मैदानात खेळायचं नाही. माझा मुलगा आता गावातही टोपीशिवाय बाहेर पडत नाही आणि पोरं त्याला 'साहेब' म्हणतात. एवढी काळजी घेऊन मी रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व कमी! सावळ्या कातडीला जास्त ऊन लागतं, आणि मी तर दिवसभर ऑफिसात, बाहेर पडले की अंग झाकून. उन्हाच्या शहरात राहून मी उन्हाच्या गोळ्या खाते. हे ऐकून गावी द्राक्षबाग सांभाळणारे आप्पा अर्धा मिनिट काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बागेत आठ दिवस राबलीस तर फुकटात मिळंल."

नवरा लोखंडाच्या खाणीवर असतो. विमानानं दोन तास उत्तरेला जायचं, दोन आठवडे काम, मग एक आठवडा घरी. पगार चांगला. पण मुलाचा ताप, कचऱ्याच्या डब्यांचा वार, बिघडलेला गीझर, हे सगळं नेमकं त्या दोन आठवड्यांत होतं. अशा बायका तिथं ढिगानं आहेत आणि आम्ही एकमेकींना विचारतो, "आत आहे का बाहेर?" ऐकणाऱ्याला वाटावं नवरे तुरुंगात आहेत.

२०१९ चा ऑगस्ट मात्र विसरता येत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं सत्तावन्न फूट ओलांडली होती. मावशी गावभागात वरच्या मजल्यावर अडकलेली, फोन बंद. तिकडची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, म्हणून मी पहाटेच उठून पुलाचा आकडा शोधायची आणि इथले लोक अजून झोपलेले. पर्थमध्ये पावसाळी आठवड्यातच मधे दोन दिवस लख्ख ऊन पडलं. ऑफिसात एकजण हसून म्हणाला, "काय सुंदर दिवस आहे ना?" मी हो म्हणाले. त्याची काय चूक? पण आयुष्यात उन्हाचा एवढा राग मला कधीच आला नव्हता.

पुढं २०२० मध्ये सीमा बंद झाल्या. आमच्या राज्याची दारं पूर्ण उघडली ती ३ मार्च २०२२ ला. त्याआधीच्या वर्षी आजी गेली. मी स्वयंपाकघरात मोबाईल तेलाच्या बाटलीला टेकवून तिला शेवटचं बघितलं. चुलतभावाचा हात थरथरत होता, त्यामुळं चित्र सारखं मांडवाकडं, आभाळाकडं जायचं. एवढंच.

पर्थमध्ये मला खऱ्या अर्थानं गावाची आठवण करून देणारी जागा म्हणजे स्वान व्हॅली. शहरापासून अर्ध्या तासावर, द्राक्षबागांचा पट्टा. शंभर वर्षांपूर्वी क्रोएशियाकडून आलेल्या घरांनी तिथं बऱ्याच बागा लावल्या. त्यांच्यातलाच एक म्हातारा रस्त्याकडेला टपरी टाकून द्राक्षं विकतो. द्राक्षाच्या ज्या जातीला तो सुलताना म्हणतो ते म्हणजे आपलं थॉमसन. गंमत अशी की त्याचाही हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्येच, आणि आमचाही. फक्त त्याच्याकडं उन्हाळा संपत आलेला असतो आणि इथं थंडी.

मी त्याला सांगितलं की आमच्याकडं वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार करायला. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, काडीवर मोजके डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून घड घ्यायला. त्याचा विश्वासच बसेना. त्याची एकच छाटणी, हिवाळ्यात, पानं गळून वेल झोपलेला असताना. आपल्याकडं वेलाला झोप लागेल एवढी थंडीच पडत नाही, म्हणून आपण त्याला दोनदा हलवून उठवतो. मी हे आप्पांना फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांना एकच प्रश्न पडला. "एकदाच छाटायची? मग राहिलेलं वर्ष तो करतो काय?"

"झोपतो, आप्पा."

"वेल, का म्हातारा?"

काल संध्याकाळी इथं ढग आले. मण्यात साखर भरत आलेली, आठ-दहा दिवसांत व्यापारी येणार, आणि आता अवकाळी झाला तर मणी तडकणार, भुरी-दावण्यासारखे बुरशीचे रोग वेगळेच. आप्पा मांडवाखाली उभे राहून वर बघत होते. चार किलोच्या पेटीला काय दर मिळेल ते त्या ढगात लिहिलेलं असल्यासारखे. मीही बघायला लागले. मग जाणवलं, पर्थमध्येही दर फेब्रुवारीत मी असंच सारखं वर बघते, जिथं त्या महिन्यात पाऊस जवळपास नसतोच आणि बागही आपली नसते. नवरा चेष्टा करतो. सवय जात नाही.

रात्री ढग पांगले. आज सकाळी आप्पांनी कात्रीनं एक काडी कापून पाण्यात बुडवून ठेवली. "घिऊन जा, परसात लाव." मी सांगितलं की तिकडच्या विमानतळावर बियाणं, फळ, काडी काहीच नेऊ देत नाहीत, बुटाला लागलेली बागेतली मातीसुद्धा साफ करून घेतात. त्यांना ते पटलं, कारण रोग कसा पसरतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. काडी त्यांनी परत उचलली. जरा वेळानं म्हणाले,

"त्या म्हाताऱ्याची छाटणी कधी म्हणालीस?"

"जुलैत."

"मग तेव्हा व्हिडिओ लाव मला. काडीवर डोळे किती ठेवतोय बघतो."