तुम्ही विचारलंत म्हणून: बांधकामाला पैसे कशाला?

आमच्या निवाऱ्याच्या बांधकामासाठी पावतीपुस्तक घेऊन दारात गेले की हमखास कुणीतरी म्हणतं, “ताई, साड्या देतो, धान्य देतो, नातवाच्या वाढदिवसाला गोडाचं जेवण देतो. बांधकामाला कशाला पैसे?” विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं, म्हणून सविस्तर सांगते.

मिरजेला बेघर बायकांच्या निवाऱ्यात मी गेली काही वर्षं मदतीला जाते. मिरज जंक्शन, त्यामुळे कुठल्या गाडीतून कोण उतरेल ते सांगता येत नाही. कुणी कन्नड बोलते, कुणी तेलुगू, कुणी महिना महिना काहीच बोलत नाही. सध्या 22 जणी आहेत आणि न्हाणीघरं दोन. केंद्राच्या शहरी बेघरांच्या योजनेत माणशी किमान 50 चौरस फूट जागा धरलेली होती. आमच्याकडे रात्री सतरंज्या पडल्या की संडासला उठलेल्या बाईला पाय टाकायला जागा शोधावी लागते.

मागच्या पावसाळ्यात पोलिसांनी एक बाई आणून सोडली. केसांच्या जटा, पायाला जखम, छातीशी घट्ट धरलेलं गाठोडं. तीन दिवस ती आंघोळीला तयार होईना. न्हाणीघराच्या दारापर्यंत यायची, आतल्या बाजूला हात फिरवायची आणि मागे फिरायची. आतली कडी तुटलेली होती, ते आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. शेवटी आमच्या मावशी दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. “जा तू, मी हाय हितं, कोण येत न्हाई.” तिला मराठी कळत नव्हतं. पण मावशींची पाठ तिने पाहिली, आणि थोड्या वेळाने आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. गाठोडं तिने आत नेलं होतं.

कडी त्याच दिवशी बसवली. पण ती बाई रात्री दचकून ओरडायची, की सगळा हॉल जागा व्हायचा. नव्याने आलेल्या बाईला वेगळी खोली हवी, जखमा भरेपर्यंत, भीती जाईपर्यंत. ती खोली साड्यांमधून होत नाही. साड्यांनी कपाट भरलंय. लागतात ते गाऊन, परकर, पॅड.

अहिल्यानगरजवळ शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांसाठी एवढं मोठं काम उभं केलं. तेही घरून डबे नेण्यापासूनच सुरू झालं होतं. डब्यांच्या मागून भिंती लागल्याच.

जाता जाता हेही सांगते: देणगीवर मिळणारी आयकराची सवलत वस्तूंना नाही, आणि रोखीने दिलंत तर 2000 रुपयांपर्यंतच. चेक द्या.

परवा मंडईतल्या भाजीवाल्या बायकांनी त्यांच्या भिशीतला एक महिना आम्हाला दिला. कशाला पैसे, असं एकीनेही विचारलं नाही. “संडास किती बांधताय?” एवढंच विचारलं. सकाळपासून रात्रीपर्यंत उघड्यावर भाजी विकत बसणाऱ्या बायका त्या. चार, म्हणून सांगितलं.

“मग टाकी मोठी घ्या,” त्या म्हणाल्या.