महागाईचं भाषण ऐकताना पुढ्यात कुठला कागद असावा

विरोधी पक्षाची सभा चिपळुणात असो की कुडाळात, महागाईच्या भाषणाचा क्रम ठरलेला असतो. आधी सिलेंडर, मग पेट्रोल, मग एसटीचं भाडं, मग राज्यावरचं कर्ज आणि शेवटी 'हे सरकार उधळं आहे'. सुट्या सुट्या घेतल्या तर या सगळ्या तक्रारींत तथ्य असतं. घोटाळा होतो तो त्या एकमेकींना बांधताना. राज्य सरकारने खर्च वाढवला म्हणून सावंतवाडीच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी महागली, असं सहसा घडत नाही. झळ दुसऱ्या वाटेने येते: एका योजनेला पैसे पुरवायचे म्हणून दुसरीकडचं देणं थकवलं जातं आणि ते थकलेलं देणं कुणाच्या तरी घरखर्चात व्याज होऊन शिरतं. विरोधकांनी बोट ठेवायचं ते या थकबाकीवर. बहुतेक भाषणं तिथवर पोचतच नाहीत.

आधी दराचं बघू, कारण सत्ताधारी विरोधकाला इथेच गप्प करतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशाचा किरकोळ महागाईचा दर ६.२१ टक्के होता. वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तो ०.२५ टक्क्यावर आला. प्रवक्ता लगेच म्हणतो, महागाई संपली. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांना मिळणारं सामान वर्षभरात १०६ रुपये २१ पैशांवर गेलं आणि पुढच्या वर्षी १०६ रुपये ४८ पैशांवर थांबलं. चढ थांबली, उतार आला नाही. 'दर कमी झाला' आणि 'भाव कमी झाला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं सांगता आलं तरी अर्धा वाद मिटतो. दुसरी गोष्ट सरासरीची. त्याच २०२५ मध्ये देशभर भाज्या उतरल्या होत्या, पण खोबरेल तेल दुपटीच्या आसपास गेलं होतं. ज्या घरात नारळाशिवाय कालवण होत नाही, तिथे राष्ट्रीय सरासरी ऐकवून काय उपयोग?

आपल्या कोकणातल्या भाजीला घाटाचं भाडंही लागतं. रत्नागिरीला माल येतो कोल्हापूरहून आंबा घाटाने, सावंतवाडीला बेळगावहून आंबोलीमार्गे. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा वैभववाडीकडचे ट्रक फोंडा किंवा भुईबावड्याने वळवावे लागले. वळसा वाढला की डिझेल वाढतं आणि ते किलोमागे गिऱ्हाइकाच्या माथी येतं. अशा वेळी 'महागाई' हा शब्द बाजूला ठेवून घाटाच्या कामाची मुदत विचारावी. आणि काम कुणाच्या खात्याचं आहे हे आधी बघावं. मुंबई–गोवा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग आहे, त्याचा पैसा केंद्राचा. त्यावरून राज्याच्या अर्थमंत्र्याला धारेवर धरलं तर तो हसत हसत सुटतो.

पेट्रोलमध्ये मात्र राज्याचा हात थेट आहे. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रभर पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीकर, आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, डिझेलवर २१ टक्के. समजा व्हॅट लागण्याआधीची किंमत ८० रुपये आहे. राज्याचा वाटा २५ रुपये १२ पैसे होतो. मूळ किंमत ४ रुपयांनी चढली तर गिऱ्हाईक ५ रुपये जास्त मोजतो आणि वरचा एक रुपया काही न करता राज्याच्या तिजोरीत जातो. टक्केवारीच्या कराचा हा गुण आहे: भाव चढला की कर आपोआप चढतो, त्यासाठी विधानसभेत मतदान लागत नाही. विरोधकाला नेमकी मागणी करायची असेल तर ती इथे करता येते. चढत्या भावातला वाढीव व्हॅट ठरावीक रकमेला गोठवा, असं म्हणावं. नुसतं 'पेट्रोल स्वस्त करा' म्हटलं की चेंडू केंद्राच्या अंगणात टोलवला जातो.

आता कर्ज. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. 'प्रत्येकाच्या डोक्यावर ७० हजार' हे वाक्य टाळ्या घेतं, पण सत्ताधाऱ्यांचं उत्तर तयार असतं: राज्याचं सकल उत्पन्न, म्हणजे वर्षभरात राज्यात झालेलं एकूण उत्पादन, ४९ लाख कोटींच्या वर, म्हणजे कर्ज त्याच्या १९ टक्क्यांच्या आत, मर्यादा २५ टक्क्यांची. राजकोषीय तूट, म्हणजे त्या वर्षी कर्ज काढून भागवायचा खर्च, १ लाख ३६ हजार कोटी, तीही ३ टक्क्यांच्या आत. हे उत्तर बरोबरच आहे. म्हणून कर्जाच्या आकड्यावर फार वेळ घालवू नये. बघायची ती महसुली तूट. ती होती ४५ हजार ८९१ कोटी. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं हा रोजचा खर्च रोजच्या कमाईत भागत नाही आणि त्यासाठी कर्ज काढावं लागतं, असा तिचा अर्थ. पूल बांधायला कर्ज काढलं तर निदान पूल उभा राहतो.

याच जागी लाडकी बहीण येते. कोकणातला विरोधी नेता या विषयावर जपून बोलतो, कारण समोर बसलेल्या बायकांच्या खात्यात पैसे येतात. हिशेब साधा आहे. महिना १५०० म्हणजे वर्षाला १८ हजार. २०२५-२६ ला तरतूद ३६ हजार कोटी. भागाकार केला की बरोबर दोन कोटी बहिणी बसतात. महिना २१०० देण्याचं आश्वासन पाळायचं तर तेवढ्याच बहिणींना ५० हजार ४०० कोटी लागतील. योजना वाईट आहे असं म्हणायची गरज नाही, ते पैसे गावातल्या दुकानातच फिरतात. प्रश्न आहे की ही रक्कम उभी करताना कुठल्या खात्याचा निधी अडला. २०२५ मध्ये आपल्या खात्याचा निधी वळवल्याची तक्रार सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीरपणे केली होती. सरकारातला मंत्री इतकं बोलतो तेव्हा विरोधकांचं काम सोपं व्हायला हवं. पण त्या वर्षी विधानसभेत विरोधी पक्षनेताच नव्हता. ठाकरे गटाने गुहागरच्या भास्कर जाधवांचं नाव मार्चमध्ये अध्यक्षांकडे दिलं आणि निर्णय रेंगाळला.

अडलेला निधी किनाऱ्यावर कसा दिसतो ते डिझेल परताव्यात बघावं. यांत्रिकी नौकेला भरलेल्या डिझेलवरचा व्हॅट राज्य परत देतं. इंजिनाची अश्वशक्ती बघून नौकेचा कोटा ठरतो, डिझेल मच्छीमार सहकारी संस्थेच्या पंपावर भरायचं, पूर्ण भावाने पैसे मोजायचे आणि परतावा नंतर यायचा. समजा नौकेला महिन्याला २००० लिटर लागलं आणि लिटरमागे १५ रुपये व्हॅट धरला, तर ३० हजार रुपये सरकारकडे अडकले. आठ महिने परतावा आला नाही की २ लाख ४० हजार. हंगाम १ ऑगस्टला सुरू होतो, बर्फ, जाळी, खलाशांची उचल सगळं रोखीत लागतं. मग मालक व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेतो आणि त्या बदल्यात मासळी त्याच्याच काट्यावर, त्याच्याच भावाने टाकतो. बंदरात भाव पडतो, बाजारात गिऱ्हाइकाला मात्र पापलेट स्वस्त मिळत नाही. मधला फरक व्याजात गेलेला असतो. सरकारी थकबाकी महागाई होऊन येते ती अशी.

एसटीचं तेच. महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून, पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास त्याआधीपासून. सवलतीची रक्कम राज्याने महामंडळाला भरून द्यायची असते. ती वेळेत आली नाही की डेपोत सुटे भाग नसतात आणि वाडीवस्तीची फेरी रद्द होते. २५ जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, ते गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना जाणवलं. फेरी रद्द झाल्याने रिक्षाला मोजलेले दोनशे रुपये कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत.

हे आकडे काढायचे कसे? राज्याच्या 'बीम्स' या अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर लेखाशीर्षानुसार, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक प्रकाराला दिलेल्या क्रमांकानुसार, खर्च दिसतो. मत्स्यव्यवसाय २४०५, रस्ते व पूल ३०५४, त्यांची भांडवली कामं ५०५४, व्याज २०४९. पहिला अंक २ किंवा ३ असेल तर महसुली म्हणजे रोजचा खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली म्हणजे बांधकामासारखा टिकाऊ खर्च. प्रत्येक शीर्षापुढे तरतूद, वितरित (म्हणजे खात्याला प्रत्यक्ष सोडलेला) निधी आणि प्रत्यक्ष खर्च वेगवेगळे असतात. सत्ताधारी नेहमी तरतूद वाचून दाखवतात. आपण वितरित आणि खर्च हे दोनच आकडे वाचावेत. डिसेंबर अखेर वितरण निम्म्यावर अडकलेलं असेल तर उरलेलं मार्चमध्ये घाईघाईने उडवलं जाणार, नाहीतर व्यपगत होणार, म्हणजे न वापरता परत जाणार. साकवाची, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाची, अर्धवट कामं यातूनच उरतात, आणि पावसात पऱ्याला (ओढ्याला) पाणी आलं की पलीकडची वाडी तुटते.

पुरवणी मागण्यांचा, म्हणजे अर्थसंकल्पानंतर सरकार मागत असलेल्या जादा खर्चाचा, आकडा वापरताना सांभाळावं. जून २०२५ अखेर मांडलेल्या मागण्या ५७ हजार ५०९ कोटींच्या होत्या, निव्वळ भार, म्हणजे तिजोरीतून खरोखर जादा जाणारी रक्कम, त्याहून बराच कमी. एकूण आणि निव्वळ यातला फरक न बघता आरोप केला की उत्तराच्या भाषणात फजिती ठरलेली.

ग्रामपंचायतीतला विरोधी सदस्य असाल तर नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक आणि नमुना ५ म्हणजे रोकडवही शेजारी ठेवावी. पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. 'रस्ता सोडून पाण्यावरच का खर्च केला' हा सवाल त्यामुळे फुकट जातो. १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याण, ५ टक्के दिव्यांगांसाठी, हे स्वनिधीतून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, झालं का, असं विचारलं तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) वही उघडावी लागते.

माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. 'थकबाकी का आहे' असं विचारू नये, कारणं सांगायला अधिकारी बांधील नसतो. तीन तारखा मागाव्यात: मच्छीमार संस्थेचा डिझेल परताव्याचा प्रस्ताव कार्यालयात कधी आला, निधी कधी वितरित झाला, रक्कम संस्थेच्या खात्यावर कधी जमा झाली. पहिल्या दोन तारखांत अंतर असेल तर अडवणूक मंत्रालयात किंवा आयुक्तालयात आहे, पुढच्या दोनांत असेल तर जिल्ह्यात. मोर्चा कुठल्या दारावर न्यायचा ते त्यावरून ठरवावं.