स्टाफाची गुहा आणि लिंबची विहीर

सातारा, रविवार, रात्री

स्कॉटलंडहून परतून आठवडा झाला. आज पावसाने उघडीप दिली म्हणून आम्ही लिंबला बारामोटेच्या विहिरीवर गेलो, आणि कमानीतून वाकून पाण्याकडे पाहताना मन पुन्हा स्टाफा बेटाशी जाऊन पोहोचले.

फिनफोर्टच्या धक्क्यावरून स्टाफा बोटीने पाऊण तासावर आहे. त्यातला निम्मा वेळ मी कठडा धरून काढला. सौभाग्यवतींनी दिलेल्या आवळासुपारीचा काही उपयोग झाला नाही. 1829 साली येथे आलेल्या मेंडेल्सन या संगीतकारालाही बोट लागली होती, हे आठवून तेवढाच धीर आला.

स्टाफावरची फिंगलची गुहा समोर आली आणि पोटाचा विसर पडला. काळ्या दगडाचे, बहुतेक षट्कोनी खांब एकमेकांना खेटून उभे, त्यांच्यावर ओबडधोबड कातळाचे जाड छत आणि मध्ये सुमारे वीस मीटर उंच तोंड. हा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा निवून झालेला दगड, आपल्याच जातीचा आहे. तेथला सुमारे सहा कोटी वर्षांचा, तर आपल्या अजिंक्यताऱ्याचा त्याहून थोडा जुना. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, तसा लाव्हा निवताना आकसला, भेगा आत आत उतरत गेल्या आणि पुढे समुद्राने नेमक्या त्याच भेगा धरून खांब पाडत गुहा कोरली.

लाटा मोठ्या असल्याने बेटावर उतरता आले नाही, याची हळहळ अजून आहे. चालकाने तोंडासमोर इंजिन मंद केले. लाट आत शिरे, क्षणभर काहीच ऐकू येत नसे, मग आतल्या भिंतीवरून खोल हुंकार परत येई आणि त्यामागून खांबांवरून ओघळणाऱ्या पाण्याची सळसळ. गेलिक भाषेत हिला ‘सुरेल गुहा’ का म्हणतात, ते तेव्हा कळले. मोबाइलमध्ये मात्र नुसता वारा भरला आहे.

लिंबची विहीर विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली. दगड काळाच, फक्त येथले आठ कोन पाथरवटांनी छिन्नीने साधलेले. पायऱ्यांवर आम्ही दोघेच होतो, म्हणून लहानपणी देत असे तशी एक लांब हाक दिली. कबुतरे फडफडत उडाली आणि खालून माझाच आवाज वर आला.

“अहो, वर माणसं आहेत,” सौभाग्यवती म्हणाल्या.