अस्वलाचे ओठ

अस्वलाचं शिल्प सांगायला येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात दरवेश्याचं अस्वल असतं. दोन पायांवर उभं, जबडा वासलेलं. ताडोब्याच्या बफरमधल्या एका रिसॉर्टच्या मालकांनाही फाटकापाशी तसंच हवं होतं.

एप्रिलमध्ये ते माती बघायला चिमूरकडच्या माझ्या शेडवर आले. सळईच्या सांगाड्यावर माती चढवून झाली होती, वर ओलं गोणपाट. आमच्याकडच्या उन्हात ते एक दुपार सुकलं तरी भेगा पडतात. मी गोणपाट काढलं आणि मालकांचा चेहरा उतरला. पाठीवर पिल्लू घेतलेली मादी, मान खाली, वारुळाच्या भोकाशी ओठ नळीसारखे पुढे काढलेले.

"भाऊ, लोकायले भेव वाटलं पाह्यजे नं जी!"

लहानपणी मी बाबांबरोबर पहाटे मोहफुलं वेचायला जायचो. मोह अस्वलालाही प्रिय, म्हणून बाबा खाकरत, काठी आपटत चालायचे. लांबून वारुळावरचं अस्वल दिसायचं, त्याआधी ऐकू यायचं: आधी फुंकर मारून माती उडवायची, मग सूंऽऽ करून उधई ओढायची. वरच्या जबड्यात मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून ही ओढ लागते, हे पुढे वाचलं. वाघ बोटांवर चालतो, अस्वल मागचा तळवा माणसासारखा अख्खा टेकवतं. धुळीत तो उमटलेला दिसला की अजूनही दचकतो. नागपूरला मूर्तिकला शिकताना समोर माणसाचं मॉडेल असायचं. जनावरांची कामं मिळत गेली म्हणण्यापेक्षा मी बाकीची नाकारत गेलो. पुतळ्यांत पैसा जास्त, हे घरचे अजून ऐकवतात.

आमचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात गावातले एक आजोबा शेडमध्ये आले. मोह वेचताना अस्वलानं त्यांचा अर्धा गाल नेलाय, त्याला बरीच वर्षं झाली. ते काही न बोलता मातीच्या नखांवरून बोट फिरवत राहिले.

"टोक बोथटच असते याचं," ते म्हणाले. "कापत नाही, फाडते."

मालकांना आयताच साक्षीदार मिळाला. "बाबाजी, तुमच्यावर आलं तवा तोंड उघडं होतं का?"

"होतं नं. सारं उघडं."

आता माझी बाजू गेली, असं मला वाटलं.

"पन ते घडीभर," आजोबा पुढे म्हणाले. "बाकी जिंदगीभर मी त्याले उधई खातानाच पाह्यलं."

मालक बराच वेळ वारुळाभोवती फिरले. मग त्यांनी पाठीवरच्या पिल्लाचा मोबाईलवर फोटो काढला आणि बायकोला पाठवला. तिकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण पीओपीचा साचा घ्यायला हो म्हणाले. पुढच्या हप्त्याचा चेक देताना एवढंच म्हणाले, "ओठ तेवढे जरा आवरा."

ओठ मी आवरले नाहीत.