सुझोऊची गोलशून्य संध्याकाळ

१२ ऑक्टोबर २०१८, शुक्रवार

उद्या आपला फुटबॉल संघ सुझोऊला चीनशी खेळणार आहे. दुपारपासून माझं कामात लक्ष नाही. घरी आल्याबरोबर जुन्या नोंदी काढून बसले. चीनशी आपण आजवर १७ वेळा खेळलो आणि एकदाही जिंकलो नाही. शेवटची गाठ १९९७ ची, कोचीला, नेहरू चषकात. तीही हरलो. त्यानंतर २१ वर्षं हे दोन शेजारी मैदानावर समोरासमोर आलेच नाहीत. आणि आपला सीनियर संघ चीनमध्ये जाऊन तर कधीच खेळलेला नाही. उद्या पहिल्यांदा.

रात्री धाकट्याचा फोन आला. त्याचा जीव क्रिकेटमध्ये. म्हणाला, "ताई, मैत्रीपूर्ण सामनाच आहे ना? गुण नाहीत, चषक नाही, मग तू एवढी का जागी?"

मी त्याला हिशेब सांगितला. यंदाच्या ऑगस्टपासून फिफाची क्रमवारी नव्या सूत्राने निघते. राष्ट्रीय संघांसाठी राखून ठेवलेल्या तारखांतल्या मैत्रीपूर्ण सामन्याला त्यात १० चं वजन आहे, विश्वचषकाच्या पात्रता सामन्याला २५ चं. म्हणजे कमी आहे, पण शून्य नाही. तो "बरं" म्हणाला. त्याला पटलेलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मीही काही त्या दहासाठी जागी नव्हते.

जानेवारीत अमिरातीत आशियाई चषक आहे. २०११ नंतर आपण पहिल्यांदा तिथे पोचलोय. गटात यजमान यूएई, थायलंड आणि बहारीन. स्टीफन कॉन्स्टंटाईन २०१५ मध्ये दुसऱ्यांदा प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा संघ क्रमवारीत १७३ वर घसरला होता, आज ९७ वर आहे. पण ही चढण घरच्या मैदानावर किती आणि बाहेर किती, हे कळायला परक्या गावात, परक्या गर्दीपुढे, आपल्यापेक्षा वरच्या संघाशी खेळावं लागतं. चीन ७६ वा आहे. त्यांचे प्रशिक्षक मार्चेल्लो लिप्पी आहेत, २००६ चा विश्वचषक इटलीला जिंकून देणारे. असं परीक्षण रोज कुठे मिळतं?

१३ ऑक्टोबर, शनिवार, रात्र

०-०.

हात अजून गार आहेत. सामना आपल्याकडच्या पाचच्या सुमाराला सुरू झाला, तिकडे रात्र होती. दंडावर कप्तानाची पट्टी संदेश झिंगनच्या होती, आपला नेहमीचा कप्तान सुनील छेत्री त्याच्या मागून चालत आला. राष्ट्रगीताच्या वेळी मला जूनमधली अंधेरी आठवली. छेत्रीने व्हिडिओ टाकून हात जोडले होते, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. त्याच्या आधीच्या सामन्याला अडीच हजारांच्या आसपास माणसं होती. केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, स्टेडियम भरलं. धो धो पाऊस होता आणि मी त्यात होते. त्या रात्री चेंडू आपल्या पायात आला की लोकांच्या आवाजानेच खेळाडू चार पावलं पुढे जात होते. सुझोऊत तो आवाज समोरच्यांचा होता. परदेशातल्या सामन्यात अकराजणांना एकमेकांच्या आवाजावर उभं राहावं लागतं.

सुरुवातीला प्रीतम कोटाल उजवीकडून आत घुसला आणि त्याचा फटका त्यांच्या गोलकीपरने अडवला. मी उठून उभीच राहिले. तो चेंडू आत गेला असता तर? पण त्यानंतर चीनने सामना आपल्या अर्ध्यात आणून ठेवला. क्रॉसमागून क्रॉस, कॉर्नरमागून कॉर्नर. चेंडू खांबावर आदळून परत आला तेव्हा मी डोळे मिटले होते, आवाजावरून कळलं.

आणि मग गुरप्रीत, आपला गोलकीपर.

मी तीन वर्षं कॉलेजच्या संघात गोलमध्ये उभी राहिले आहे. उजव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही. त्यामुळे सामना बघताना माझी नजर चेंडूवर कमी आणि त्या दोन खांबांमधल्या माणसावर जास्त असते. बाकीच्यांना दिसते ती झेप. मला झेपेच्या आधीची दोन पावलं बघायची असतात. समोरचा फटका मारायला पाय मागे घेतो त्या क्षणी कीपर कुठे उभा आहे, रेषेवर की पुढे सरकून कोन कमी करून, यावर अर्धी लढाई ठरलेली असते. गुरप्रीत साडेसहा फुटांच्या घरातला माणूस आहे. एवढ्या उंच माणसाला खाली जाणं अवघड पडतं, जमिनीलगतचा चेंडू त्याच्यासाठी सगळ्यात दूरचा. आज तो खाली गेला. वेळेवर गेला. वरचे चेंडू गर्दीत शिरून मुठीने बाहेर फेकले. प्रत्येक वेळी उठून आधी बचावफळीवर ओरडला, मग ग्लोव्हज सारखे केले. हा माणूस नॉर्वेत स्टाबेक क्लबकडे तीन वर्षं होता. तिथे पहिल्या पसंतीचा कीपर होण्याची वाट बघत किती सामने बाकावर बसला असेल. युरोपातल्या क्लबांच्या युरोपा लीगमध्ये खेळलेला पहिला भारतीय तोच. तिथली थंडी, तिथले उंच धिप्पाड स्ट्रायकर, ते सगळं आज त्याच्या खांद्यांत दिसत होतं.

झिंगनबद्दलही लिहायला हवं. तो चेंडू अडवतो असं म्हणणं अपुरं आहे, तो स्वतःला चेंडूच्या वाटेत टाकतो. डोकं, छाती, मांडी, जे जवळ असेल ते.

शेवटची दहा मिनिटं मी जमिनीवर बसून काढली. शिट्टी वाजली तेव्हा पडद्यावर आपली मुलं एकमेकांना मिठ्या मारत होती आणि चीनचे खेळाडू मान खाली घालून चालत होते. गोलशून्य बरोबरीत एका बाजूला असा आनंद आणि दुसऱ्या बाजूला अशी शरम क्वचित दिसते.

धाकट्याला मेसेज केला, ०-०. त्याने अंगठा पाठवला.

१४ ऑक्टोबर, रविवार

सकाळी पेपरमध्ये बातमी शोधायला लागली. सापडली, पण इतकी छोटी की दोनदा पान उलटल्यावर. वाईट वाटलं. २१ वर्षांनी भेटलो, पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, एकही गोल खाल्ला नाही, आणि त्याची जागा ही एवढी? म्हणून मी काल रात्रीचं इतकं सविस्तर लिहून ठेवलं. गोल झाला की त्याचा व्हिडिओ राहतो. न झालेल्या गोलांचं काय राहतं?

१८ नोव्हेंबर, रविवार

काल रात्री अम्मान. जॉर्डनकडून १-२.

दौरा सुरुवातीपासून विस्कटलेला. छेत्री दुखापतीमुळे गेलाच नव्हता. मुसळधार पावसाने विमानांचं वेळापत्रक कोलमडलं आणि संघातले बरेच जण कुवेतच्या विमानतळावर तासन्‌तास अडकून पडले, ते थेट सामन्याच्या तोंडावर अम्मानला पोचले. विमानतळावरच्या खुर्च्यांवर झोपलेल्या पायांनी ९० मिनिटं पळायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. मैत्रीपूर्ण दौऱ्यांचा हा भाग कुठल्याच आकड्यात येत नाही.

गुरप्रीतने सुरुवातीलाच पेनल्टी अडवली. मी ओरडले, शेजारच्या खोलीतून आई आली. आणि मग २५ व्या मिनिटाला ते झालं. जॉर्डनच्या कीपरने, आमेर शफीने, स्वतःच्या डीमधून, म्हणजे गोलपुढच्या चौकटीतून, लांब किक मारली. नुसती पुढे ढकललेली किक. चेंडू आपल्या डीपाशी टप्पा पडून उडाला आणि पुढे आलेल्या गुरप्रीतच्या डोक्यावरून मागे, जाळीत.

एका कीपरने दुसऱ्या कीपरवर केलेला गोल. दिवसभर ते दृश्य फिरतंय, लोक हसतायत. मला हसणं जमलं नाही.

हे माझ्याबाबत घडलंय. दुसऱ्या वर्षाला, ओल्या मैदानावर, सरावाच्याच सामन्यात. चेंडू हवेत खूप वर होता, मी दोन पावलं पुढे गेले, टप्पा पडला आणि मला वाटलं त्याच्या दीडपट उडाला. मागे वळून धावताना पायाखाली चिखल होता. तो चेंडू जाळीत जातानाचा संथपणा मला आजही दिसतो. झेप घेऊन हुकलेला गोल माणूस विसरतो, कारण आपण काहीतरी केलेलं असतं. हा विसरत नाही. परतीच्या वाटेवर माझ्याशी कोणी बोललं नाही. पुढचे दोन सामने मला बाहेर बसवलं, कारण न सांगता. सरावाचा सामना होता, त्याची कुठे नोंदही नाही. म्हणून तो हलका झाला नाही माझ्यासाठी.

चुका व्हायच्या तर त्या अशा सामन्यात झालेल्या बऱ्या, असं सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. कॉन्स्टंटाईनही तसंच धरून चालले असतील, नाहीतर जानेवारी तोंडावर असताना असे दौरे कोण करेल? सहा बदली खेळाडू उतरवता येतात, नव्या मुलाला अर्धा तास देता येतो. काल निशू कुमारने गोल केला, त्याला तो आयुष्यभर पुरेल. पण कीपरला अर्धा तास देऊन भागत नाही. त्याला चूक घेऊन उरलेला सगळा वेळ तिथेच, त्याच खांबांमध्ये उभं राहावं लागतं. काल गुरप्रीत उभा राहिला. टप्प्याचा अंदाज चुकलेला माणूस पुढचा उंच चेंडू पकडायला पुढे येतो की रेषेवर थांबतो, एवढंच मी उरलेल्या सामन्यात बघत होते. तो पुढे आला.

२८ डिसेंबर, शुक्रवार

काल अबुधाबीत ओमानशी ०-०. प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, बंद दाराआड खेळले. आशियाई चषकाला आठ दिवस उरलेत, दोन्ही संघांना आपले पत्ते झाकून ठेवायचे असणार.

रिकाम्या मैदानावर कीपरचा आवाज कसा घुमतो ते मला माहीत आहे. "माझा!" म्हटलं की समोरच्या भिंतीवरून परत येतो. बचावपटूला तो दोनदा ऐकू जातो आणि तो खरंच थांबतो. भरलेल्या स्टेडियममध्ये घसा फाटेपर्यंत ओरडलं तरी चार हातांवरच्या माणसाला कळत नाही. म्हणून रिकाम्यात सगळं बसवून घ्यायचं, म्हणजे गर्दीत न ऐकताही समजतं.

तीन दौरे, तीन सामने. दोनदा गोल खाल्लाच नाही.

७ जानेवारी २०१९, सोमवार

४-१! थायलंडला चार! छेत्रीचे दोन, थापाचा, जेजेचा. आशियाई चषकात १९६४ नंतरचा आपला पहिला विजय. गोलमध्ये गुरप्रीतच होता.

धाकट्याने उत्तरार्ध पाहिला म्हणे. स्वतःहून फोन केला. आज जास्त लिहिता येत नाही, हसू आवरत नाही.

१५ जानेवारी, मंगळवार

काल शारजा. यूएईकडून गुरुवारी ०-२ हरलो होतो. दोनदा चेंडू आडव्या खांबावर आपटला, तरी आतली आशा जिवंत होती, कारण बहारीनशी बरोबरीसुद्धा आपल्याला पुढच्या फेरीत नेणार होती. ०-० चालणार होतं. सुझोऊत टिकवलं होतं तेच, अबुधाबीत बंद दाराआड टिकवलं होतं तेच.

नव्वदाव्या मिनिटापर्यंत टिकलं. खिंड लढवावी तसं टिकवलं. मी पुन्हा जमिनीवर बसले होते, ऑक्टोबरमध्ये बसले होते त्याच जागी. भरपाईच्या वेळेत आपल्या डीमध्ये पाडापाडी झाली, पंचांनी पेनल्टी दिली, जमाल राशिदने ती मारली. १-०. स्पर्धा संपली. सामन्यानंतर लगेच कॉन्स्टंटाईननी राजीनामाही जाहीर केला.

बराच वेळ टीव्ही तसाच चालू होता. आईने येऊन बंद केला.

आज संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. काल त्याने पूर्ण सामना पाहिला होता, पहिल्या मिनिटापासून. थोडा वेळ दोघंही गप्प होतो. मग म्हणाला, "ताई, तो ऑक्टोबरमधला सामना, चीनमधला. तिथेही असेच शेवटपर्यंत अडवत होते ना? तेव्हा कसं जमलं? मी नीट विचारलंच नाही तुला."

मी वहीतलं १३ ऑक्टोबरचं पान काढलं आणि त्याला फोनवर वाचून दाखवायला सुरुवात केली. प्रीतमच्या फटक्यापाशी तो म्हणाला, थांब, सावकाश वाच.