साडेसहा मिलिमीटर

वडिलांची सायकल आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरामागच्या पडवीत कित्येक वर्षे भिंतीला टेकून उभी होती. उद्यमबागेतील एका कारखान्यात ते लेथवर कामाला होते आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्यांनी त्या काळ्या, अठ्ठावीस इंची सायकलवरूनच ये-जा केली. गेल्या वर्षी आमच्या गटाने डिसेंबरात बेळगाव ते निपाणी आणि परत, अशी सुमारे १५० किलोमीटरची फेरी काढायचे ठरवले, तेव्हा नवी सायकल घेण्यापेक्षा हीच उभी करावी, असे माझ्या मनाने घेतले. कर्नाटक सरकारने २००६ साली आठवीच्या मुलामुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली होती. त्या काळातल्या अनेक सायकली खानापूर तालुक्यातील घरांच्या आढ्याला टांगलेल्या किंवा गोठ्यात पडलेल्या दिसतात. त्यांपैकी दुरुस्त होण्याजोग्या सायकली पुन्हा रस्त्यावर आणण्यासाठी निधी जमवणे, हा या फेरीचा उद्देश होता.

जुन्या सायकलला नवे भाग बसवताना पहिली अडचण येते ती मापांची. ‘अठ्ठावीस इंची’ हा शब्द आपण सरसकट वापरतो. परंतु जुन्या सायकलच्या ज्या रिमवर टायर बसते तिथला व्यास ६३५ मिलिमीटर असतो आणि आजच्या शहरी व शर्यतीच्या सायकलींचा, म्हणजे ज्याला ७०० सी म्हणतात त्याचा, ६२२ मिलिमीटर. हा फरक अवघा १३ मिलिमीटरचा असला तरी एकाचे टायर दुसऱ्यावर चढत नाही. मला ६२२ च्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिम हव्या होत्या आणि त्याचे कारण निपाणीच्या वाटेवरचा सुतगट्टी-वंटमुरीचा घाट हे होते. जुन्या सायकलचे सळ्यांचे ब्रेक लोखंडी रिमला आतून धरतात आणि पावसात किंवा दवात रिम ओली झाली की ते जवळजवळ धरतच नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची रिम ओली असतानाही पुष्कळ बरी वागते. चाक लहान झाल्यामुळे ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोहोचण्यासाठी १३ च्या निम्मे, म्हणजे साडेसहा मिलिमीटर, अधिक खाली यावे लागते. त्यामुळे लांब हातांचे कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे ब्रेक) शोधण्यात दोन आठवडे गेले. हा साडेसहाचा आकडा मी तेव्हाच वहीत लिहून ठेवला होता. तोच पुढे दुसऱ्या कारणाने आडवा येईल, याची मला कल्पना नव्हती.

बी.बी. (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा आस ज्यात फिरतो तो भाग) खोलताना मी स्वतःला यंत्रातले थोडेफार कळते, असे समजत होतो. उजव्या बाजूचा कप, म्हणजे छर्रे ज्यात बसतात ती वाटी, सुटेना म्हणून पान्याला लोखंडी पाइप लावून मी सारा जोर लावला, आणि तो प्रत्यक्षात अधिकाधिक घट्ट करत राहिलो. शेवटी सायकल शहापुरातल्या एका जुन्या दुकानात ढकलत नेली. दुकानातल्या मामांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा पान्याकडे पाहिले. “उजवीकडचा कप उलट्या आट्याचा असतोय ओ. लेथवाल्याचा पोरगा तुम्ही, एवढं बघायचं न्हाई व्हय?” एवढे बोलून त्यांनी कप उलट दिशेने फिरवला आणि तो सुटला. यामागचे कारण मी नंतर समजून घेतले. छर्रे ज्या दिशेने घरंगळतात, त्यामुळे कपावर क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) उलट दिशेचा बारीक पण सततचा रेटा येत राहतो. उजवीकडे आटे नेहमीसारखे ठेवले तर पायडल मारता मारताच कप सुटून येईल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, त्याचेही कारण याच जातीचे आहे. कपात दोन्हीकडे पाव इंची अकरा-अकरा छर्रे नवे घातले, ग्रीस भरले, आणि आतला अ‍ॅक्सल वडिलांच्या काळातलाच ठेवला, कारण त्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

कॉटर पिनच्या (क्रँक आसावर पक्की धरणाऱ्या पाचरीच्या) बाबतीत बहुतेक जण जी चूक करतात ती मामांनी मला करू दिली नाही. क्रँक अधांतरी ठेवून पिनेवर हातोडा मारला, तर प्रत्येक घाव छर्र्यांतून थेट कपाच्या पृष्ठभागावर बसतो आणि तिथे बारीक खळगे पडतात. क्रँकच्या खाली जमिनीपर्यंत पोहोचणारा पाइपचा तुकडा टेकू म्हणून द्यायचा आणि मगच पिन ठोकायची, इतकी ती साधी गोष्ट आहे. पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर पिनेचा नट पुन्हा आवळावा लागतो, हेही त्यांनी दोनदा बजावले.

मूळ सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते होते, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जायची. सपाटीला हे उत्तम, परंतु परतीच्या वाटेवर वंटमुरीचा चढ पन्नाशीच्या गुडघ्यांनी त्याच दात्यांवर चढणे मला मान्य नव्हते. मागे सहा गिअरचे, १४ ते २८ दात्यांचे फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच) बसवले की सर्वांत हलक्या गिअरला तेच अंतर साडेतीन मीटरच्या आत येते. मात्र जुन्या फ्रेमच्या, मागचे चाक ज्यांत बसते त्या दोन कानांमधली जागा ११४ मिलिमीटर भरली आणि बाजारात मिळालेला हब (चाकाचा मधला भाग) १३५ चा होता. उद्यमबागेतल्या वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्याने हबच्या अ‍ॅक्सलवरचे स्पेसर कमी करून तो १२६ वर आणून दिला, आणि उरलेल्या १२ मिलिमीटरसाठी आम्ही फ्रेमच हळूहळू फाकवली. लोखंडी फ्रेम हे सोसते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग कोणीही करू नये, ती तडकते. फाकवल्यावर दोन्ही कान पुन्हा समांतर आहेत की नाहीत, हे तपासणे तितकेच आवश्यक असते, अन्यथा अ‍ॅक्सल थोड्याच दिवसांत वाकतो. चेनचेही तसेच झाले. जुन्या चेनची आतली रुंदी १/८ इंच आणि गिअरच्या चेनची ३/३२ इंच, त्यामुळे वडिलांच्या सायकलच्या जाड दात्यांवर नवी चेन बसेचना. सुदैवाने गिअरच्या सायकलींसाठी निघालेला, पातळ दात्यांचा परंतु कॉटर पिनेचाच पुढच्या चक्राचा व क्रँकचा सेट मामांच्या माळ्यावर सापडला.

चाके मात्र मी स्वतः विणली. ३६ स्पोक, प्रत्येक स्पोक तीन स्पोकांना ओलांडून जाणारा. मागच्या चाकाचे उजवीकडचे स्पोक डावीकडच्यांपेक्षा थोडे आखूड लागतात आणि अधिक ताणले जातात, कारण फ्रीव्हीलला जागा देण्यासाठी हबची उजवी कड आत सरकलेली असते. स्पोक फार आवळले की तुटतात, असा माझा समज होता. प्रत्यक्षात सैल स्पोक लवकर तुटतात, कारण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ते ढिले पडून पुन्हा ताणले जातात आणि हबजवळच्या वाकणाशी थकतात. पहिल्या दिवशी चाक रस्त्यावर आणले तेव्हा पीळ पडलेले स्पोक टिणटिण वाजत सुटे होत होते. घरी येऊन आऊट काढला, म्हणजे चाकाची लचक सरळ केली, राजहंसगडापर्यंत एक चक्कर मारली, पुन्हा आऊट काढला आणि त्यानंतर चाके गप्प झाली.

निधीबद्दल थोडे सांगतो. देणगीदारांनी किलोमीटरमागे ठरावीक रक्कम द्यायची आणि फेरी झाल्यावर ती गोळा करायची, असे आमचे सुरुवातीचे ठरले होते. कोणी मध्येच थांबला तर त्याचे किलोमीटर कसे मोजायचे, यावरून फेरीच्या आधीच वाद झाले, आणि नंतर पैसे मागत फिरणे हे घाट चढण्यापेक्षा अवघड असते, हे गटातल्या अनुभवी माणसाने पटवून दिले. अखेर ज्याला द्यायची त्याने रक्कम आधीच द्यावी आणि सायकल कुठवर गेली याच्याशी तिचा संबंध ठेवू नये, असे ठरले. कोणीही असा उपक्रम करणार असेल तर हेच करावे.

फेरीच्या दिवशी पहाटे पाचला अकरा जण निघालो. काकती, होनगा, भूतरामनहट्टी आणि मग घाटाची उतरण. रस्ता रुंदीकरणाच्या कामामुळे ठिकठिकाणी वळवलेला होता आणि वळणावरच्या खडीने दोघांच्या सायकली घसरल्या. परंतु डिसेंबरात या रस्त्यावरची खरी धास्ती असते ती उसाच्या ट्रॅक्टरांची. एका ट्रॅक्टरला दोन ट्रेलर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही आणि मागचा ट्रेलर सापासारखा हलणारा. त्याला ओलांडताना उजवीकडे किती जावे लागेल, याचा पहाटेच्या अंधारात अंदाज येत नाही. आम्ही अशा वेळी ओलांडायचेच नाही, असे ठरवले होते आणि त्यात एकूण अर्धा तास गेला. महामार्गाच्या कडेने चालणाऱ्या सायकलला दुसरा त्रास ट्रकच्या फुटलेल्या टायरांचा. त्यातल्या केसाएवढ्या पोलादी तारा कडेच्या धुळीत पडलेल्या असतात आणि त्या टायरमधून हळूहळू आत जातात. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवून अशी तार शोधली नाही, तर नवी ट्यूबही दहा किलोमीटरमध्ये बसते. आमच्या जिल्ह्याचे हे एक वैशिष्ट्यच म्हणावे लागेल, की दिशेनुसार सायकलचा शत्रू बदलतो. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे तांबड्या मातीचा चिखल ब्रेकचे रबर कानशीसारखा खातो, पूर्वेला बाभळीचा काटा आणि पावसानंतर मडगार्डमध्ये गच्च बसणारी काळी माती, आणि उत्तरेला महामार्गावर या तारा.

तवंदी घाट ओलांडून निपाणीला दहाच्या सुमारास पोहोचलो. वाटेत खाण्यासाठी गूळ, शेंगदाणे आणि केळी होती. गटातल्या एकाने हौसेने कुंदा आणला होता, पण दुधाचा तो पदार्थ उन्हात आणि पोटातही जड होतो, हे त्याला संकेश्वरपर्यंत समजले. माझ्या दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका तोपर्यंत बधिर झाली होती. तळहाताच्या कडेने जाणारी नस हँडलवर दाबली गेली की असे होते. मी हँडल सीटपेक्षा फार खाली ठेवले होते, ही माझी चूक. निपाणीत पाना घेऊन ते दोन बोटे वर उचलले आणि परतीला त्रास निम्म्यावर आला.

परतीच्या वाटेवर यमकनमर्डीच्या अलीकडे मागचे चाक बसले. तार सापडली, पण घाईत पंप काढताना मी ट्यूबचा व्हॉल्व्हच बुडाशी फाडला, आणि तिथे ठिगळ लागत नाही. जवळची जादा ट्यूब सकाळीच एकाला दिलेली, आणि सामानाची गाडी मागे राहिलेल्या दोघांबरोबर. गावातल्या सायकल दुकानात ७०० सी ची ट्यूब नव्हती, असण्याचे कारणही नव्हते. २८ इंची ट्यूब मात्र होती. ती माझ्या टायरात बसते, हे मला ठाऊक होते. रबर तेवढे सामावून घेते. अडले ते वेगळ्याच ठिकाणी. माझ्या रिमला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी साडेसहा मिलिमीटरचे भोक होते आणि गावच्या ट्यूबच्या जाड व्हॉल्व्हला साडेआठचे लागते. इतक्या मापांचा हिशेब करून उभ्या केलेल्या सायकलचे एवढे एक माप मी दुकानातल्या कॅटलॉगवर सोडून दिले होते.

शेजारी एक वेल्डिंगचे दुकान होते. सायकलवाल्याने तिथल्या पोराला हाक मारून कन्नडमध्ये सांगितले, “तूतु दोड्डदु माडबेकु.” भोक मोठे करायचे आहे, एवढे मलाही कळले. त्याच्याकडे साडेआठचा बिट नव्हता, आठचा होता. उरलेला अर्धा मिलिमीटर गोल कानशीने घासला आणि मी आग्रहाने भोकाच्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करून घेतल्या, कारण तिथे राहिलेली धार व्हॉल्व्हचे बूड कापते. सगळे मिळून चाळीस मिनिटे आणि ट्यूबच्या किमतीवर वीस रुपये. वेल्डिंगवाल्या पोराने तेही घेण्यास आधी नकार दिला होता. वंटमुरीचा चढ मी अठ्ठावीस दात्यांवर, मध्ये एकदा उतरून, पार केला आणि अंधार पडता पडता बेळगावात पोहोचलो.

निधीतून पहिली खरेदी गेल्या महिन्यात झाली. कोणते सामान घ्यायचे, याची यादी मामांनी केली: कॉटर पिना, पाव इंची छर्रे, वॉल ट्यूब (व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी), ब्रेकचे रबर, २८ आणि २६ इंची टायर-ट्यूबा आणि सोल्युशनचा मोठा डबा. एका देणगीदाराने गिअरचे भाग देऊ केले होते. ते आम्ही आभार मानून परत केले, कारण जांबोटीच्या पुढच्या गावात त्यांचा एक स्क्रू हरवला तर मुलगी पुन्हा पायी शाळेत जाणार. नंदगडजवळच्या एका गावात पहिल्या दिवशी नऊ सायकली पाहिल्या आणि सहा चालू करून दिल्या. उरलेल्या तिन्हींच्या रिम इतक्या गंजल्या होत्या की निपल (स्पोकच्या टोकाचे नट) फिरवताच स्पोकसह हातात येत होते. माझ्या स्वतःच्या पुढच्या रिमचे भोक अजून साडेसहाचेच आहे. येत्या रविवारी मामांच्या दुकानात ड्रिल मोकळे असेल, असे त्यांनी सांगितले आहे.