शेफील्डमधील एक जाम बोल्ट

फेब्रुवारीच्या अखेरीस इंग्लंडमधल्या शेफील्डमधील आमच्या गॅरेजमध्ये येणारी मोटरसायकल हिवाळाभर चालवलेली आहे की नाही, हे दुरूनच ओळखू येते. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून येथे थंडीत जे मीठ पसरतात, ते चेशायरमधील विन्सफर्डसारख्या खाणींतून काढलेले तपकिरी सैंधव असते. त्याचा थर इंजिनावर, सायलेन्सरच्या नळ्यांवर आणि स्टँडच्या स्प्रिंगवर चढलेला असतो. त्या दिवशी सकाळी आलेली गाडी मात्र शोरूममधून काढल्यासारखी स्वच्छ होती. मालक साठीच्या आसपासचे गृहस्थ होते. रात्रपाळीसाठी ते सबंध हिवाळा तीच गाडी चालवत होते आणि तरीही तिच्यावर गंजाचा ठिपका नव्हता, याचा त्यांना अभिमान होता. 3 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांची दरवर्षी होणारी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का याची सक्तीची तपासणी, जवळ आली होती. त्याआधी एकदा नजर टाकावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

पुढचे चाक उचलून मी हाताने फिरवले, तर ते अर्धा फेराही पूर्ण न करता थांबले. ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला धरून बसत होते. हा दोष मीठ खाल्लेल्या गाड्यांत नेहमी आढळतो. पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या ॲल्युमिनियममध्ये पिस्टनभोवतीच्या रबरी सीलसाठी खाच असते. खारे पाणी त्या खाचेत शिरले की तेथे पांढरी भुकटी धरते, आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे सीलला मागून ढकलून पिस्टनवर आवळते. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढून घेणे हे याच सीलचे काम. ते आवळले गेले की पिस्टन पुढे जातो, पण परत येत नाही. बाहेरून पॉलिश कितीही केले तरी या खाचेपर्यंत ते पोहोचत नाही.

कॅलिपर उतरवायला गेलो, तेव्हा खरी अडचण समोर आली. दोन वर्षांपूर्वी मालकांनी गाडीचे जवळजवळ सगळे बोल्ट काढून स्टेनलेसचे घातले होते, तेही कोरडेच, ग्रीसचे बोटही न लावता. "स्टेनलेसला गंज चढत नाही, म्हणूनच तर घातले," असे ते म्हणाले, आणि बोल्टापुरते ते खरेही होते. पण स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असताना मधे मिठाचे पाणी आले की त्यांची एक लहानशी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजायचे असते ते ॲल्युमिनियमने. बोल्ट तसाच चकाकत राहतो. त्याच्याभोवतीचे आटे मात्र भुकटी होऊन त्याला सिमेंटसारखे धरून ठेवतात.

खालचा बोल्ट कुरकुरत का होईना, सुटला. वरच्याला मी दोन तास पेनिट्रेटिंग ऑइल पाजले, बाजूच्या धातूला हीट गनने बेताने ऊब दिली आणि तो थोडा आवळून थोडा सैल करत राहिलो. शेवटी हाताला तो मऊपणा जाणवला, जो कोणत्याही मेकॅनिकला नकोसा वाटतो. बोल्ट फिरत नव्हता, पिळला जात होता. पुढच्याच क्षणी डोके माझ्या पान्यात राहिले आणि बाकीचा बोल्ट पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या पायात.

स्टेनलेसला भोक पाडणे हे चिकाटीचे काम आहे. ड्रिल जोरात फिरवले तर तो तापतो आणि आणखी कडक होतो. म्हणून वेग कमी, दाब जास्त, कोबाल्टचे बिट आणि कटिंग ऑइल असे धरून बसावे लागते. भोक जरा जरी तिरके गेले असते तर फोर्कचा पायच बदलावा लागला असता. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. मग खराब आटे काढून तेथे तारेच्या गुंडाळीचे नवे आटे बसवले. कॅलिपरमधील खाचा वाकड्या टोकाच्या सुईने खरवडल्या आणि नवी सीले लाल रबर ग्रीस लावून घातली. ज्या शेफील्डमध्ये 1913 साली हॅरी ब्रेअर्ली यांनी सुमारे 13 टक्के क्रोमियमचे न गंजणारे पोलाद ओतले, त्याच गावात मी त्या घराण्यातल्या एका बोल्टाशी दिवसभर झुंजत होतो, याचे हसू आल्यावाचून राहिले नाही.

मालक संध्याकाळी आले, तेव्हा मी त्यांना धुण्याची पद्धत विचारली. रोज सकाळी गरम पाणी, भांडी घासण्याचे लिक्विड, मग आच्छादन घालून हीटर लावलेली शेड. यातले बहुतेक सगळे मला मोडून काढावे लागले. भांड्यांच्या लिक्विडमध्ये पुष्कळदा स्वतःचेच मीठ असते. हवेतील आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की उरलेले मीठ हवेतूनच पाणी ओढून ओले राहते, आणि अशा ओल्या मिठाला ऊब मिळाली की गंजण्याचा वेग वाढतो. त्यापेक्षा थंड पाण्याची भरपूर धार आणि मोकळी हवा बरी. धुतल्यावर वाळलेल्या गाडीवर एसीएफ-50 सारख्या तेलाचा पातळ फवारा मारावा, मात्र डिस्क आणि टायर झाकून. रत्नागिरीत आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर चासीवर ऑइल मारून घेत असू, त्याचाच हा विलायती भाऊ.

कॅलिपरसाठी मी कंपनीचे मुलामा दिलेले मूळ बोल्ट मागवले आणि ते ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळाच्या जोराला, आवळले. इतर ठिकाणी त्यांना स्टेनलेसच हवे होते. तेथे मी ड्युरालॅक हा दोन धातूंना एकमेकांपासून वेगळे ठेवणारा लेप सुचवला, जो शिडाच्या नौकांच्या ॲल्युमिनियमच्या डोलकाठ्यांवर वापरतात. तांब्याचे ग्रीस येथे सर्रास लावतात, पण दोन धातूंच्या भांडणात तिसरा कशाला आणावा, असे मला वाटते. आट्यांना काहीही लावले की घर्षण कमी होते आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, हेही त्यांना सांगून ठेवले.

सात वाजेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून एकेक बोल्ट सैल केला, पुसला आणि लेप लावून परत बसवला. इंजिनाच्या डाव्या झाकणावरचे दोन तेवढे हलले नाहीत. तिथून तेल गळत नव्हते, आणि त्यांना उन्हाळ्यापर्यंत हात लावायचा नाही, असे आमचे ठरले.